स्कॉर्पियन्सचं 'द सेल्स ऑफ कॅरन' कोणी आयकते का इकडं? मले हे गाणं आपल्याकडचं कावून वाटते?

वावरातला_रॉकर (दारव्हा, जि. यवतमाळ)

नमस्कार मंडळी. आठ दिवसापासून एक गोठ डोक्यात घुमून राह्यली म्हून लिवतो. मंगळवारी आमच्याकडं रातची लाईन होती, बाराले थ्री फेज आली, हरबऱ्याले स्प्रिंकलर लावले अन धुऱ्यावर चादर आंगावर घेऊन बसलो. एका कानात इयरफोन, दुसरा कान मोकळा, कारण रानडुकरं कवा घुसतीन सांगता येत नाई. स्कॉर्पियन्सचे गाणे चालू होते, एकामागं एक आपोआप लागून राह्यले होते. मंग एकदम वाऱ्यासारखा सू सू आवाज आला. मले वाटलं पाईपाचा जोड निसटला, टॉर्च घेऊन उठलो बी. तर थो आवाज गाण्यातलाच होता, अन त्याच्यातून जे गिटार निंगालं ना भाऊ, मी तिथंच काकरीत उभा राह्यलो. मिनिटभर उलटून गेलं तरी गायक तोंड उघडत नाई, नुसतं गिटारच बोलून राह्यलं. त्या रातच्याले गाणं नऊ-दहा डाव आयकलं असीन.

आता मले इचारायचं असं का, हे १९७७ चं जर्मन बँडचं गाणं, मी यवतमाळचा शेतकरी मानूस, मंग ते गिटार आयकून मले आमच्या गावच्या काकड आरतीची आठवण कावून येऊन राह्यली? माह्या मनाचा खेळ हाय का खरंच काही हाय त्याच्यात? अन दुसरं म्हंजे जो तो याच बँडचं 'विंड ऑफ चेंज'च सांगते, ह्या गाण्याचं नाव कोणीच काहून घेत नाई?

झाडीपट्टी_ऑर्गन (वडसा)

भाऊ, मनाचा खेळ नाही जी, तुमचा कान पक्का आहे. मी दिवाळीनंतर नाटकांच्या सीझनमध्ये ऑर्गनवर बसतो, रात्रभर तेच काम, म्हणून तुमची पोस्ट वाचल्याबरोबर गाणं लावलं आणि सूर काढले. पांढरी सातला सा धरा. मग येते कोमल रे, शुद्ध ग, शुद्ध म, प, कोमल ध, कोमल नी. आता हे दोन तुकड्यात पहा. सा ते प पर्यंत तो भैरव आहे, म्हणजे तुमची काकड आरती, पहाटेचा सूर. आणि प च्या वर गेलं की भैरवी. खाली भैरव, वर भैरवी. आपल्याकडे याला बसंत मुखारी म्हणतात, दक्षिणेत वकुळाभरणम्, आणि गिटारवाले फ्रिजियन डॉमिनंट म्हणतात. या गाण्यातला गिटारवाला उली जॉन रॉथ, त्यानं बसंत मुखारी समजून वाजवला असं मी म्हणणार नाही, राग म्हणजे नुसते सात सूर नसतात, त्याची चाल, ठेहराव वेगळा असतो. पण सूर तेच आहेत. त्या कोमल रे वरून शुद्ध ग वर जी उडी आहे ना, तिथंच काळजात कळ येते. आमच्या नाटकात पोराला घेऊन बाई घर सोडून निघते तेव्हा मी हीच जागा वाजवतो, आणि मंडपात समोरच्या बाया पदर डोळ्याला लावतात.

कॅसेट_एक्याण्णव

अरे वा, हे गाणं इकडं कोणी काढलं, दिवस सार्थकी लागला. मी अमरावतीले होस्टेलवर होतो तवा एका मित्रानं कोऱ्या कॅसेटवर भरून देल्लं होतं, हे गाणं ज्या अल्बमवर हाय थो 'टेकन बाय फोर्स' पूर्ण, बी साईडले जागा उरली म्हून त्यानं खाली दुसरंच काही भरलं. ती कॅसेट माझ्याकडं अजून हाय, टेप ताणल्यानं आवाज थोडा हलते पण मले थेच आयकायची सवय पडली.

नाव काहून कोणी घेत नाई म्हंतो तर ऐक. हा रॉथचा स्कॉर्पियन्ससोबतचा शेवटचा स्टुडिओ अल्बम. ड्रमवर हर्मन रेअरबेल नवाच आला होता, अन रॉथले बँड जिकडं चालला तिकडं जायचं नव्हतं. १९७८ मध्ये जपानले जाऊन टोकियोत कार्यक्रम केले, त्याचीच 'टोकियो टेप्स' निंघाली, अन मंग रॉथ बाहेर, त्यानं स्वतःचा इलेक्ट्रिक सन बँड काढला. अन त्या टोकियो टेप्सवर हे गाणं नाईच! जी लाइव्ह कॅसेट लोकाईनं पाठ केली तिच्यात नाई म्हंजे समजून घे. पुढं ऐंशीच्या दशकात बँड मोठा झाला तो वेगळ्या गाण्याईनं, मागचं मागं राह्यलं. पण गिटारवाल्याईले इचार. स्वीडनच्या गिटारवाल्या यंग्वी माल्मस्टीननं १९९६ च्या 'इन्स्पिरेशन' अल्बमवर हेच गाणं घेतलं, अमेरिकेच्या टेस्टामेंट बँडनंही वाजवलं. जे स्वतः वाजवतात त्याईले हे गाणं माहीत हाय.

अन कॅरन कोण, तर ग्रीक लोकाईच्या कथेतला नावाडी, मेलेल्याले नदीपार नेणारा. म्हंजे आपली वैतरणीच. त्याचं भाडं म्हून ते लोक मेलेल्याच्या तोंडात नाणं ठेवत. माझा बाप गेला तवा मायनं आपल्या पोतीतला सोन्याचा मणी काढून तुळशीच्या पानासंगं त्याच्या तोंडात ठेवला होता. तवापासून हे गाणं मी फक्त एकटा असताना आयकतो.

मोर्शीची_स्ट्रॅट

दादा, शेवटचं वाचून थांबलेच मी जरा.

मला फक्त एक गोष्ट जोडायची आहे. ऑर्गनवाले काका म्हणतात ते सूर बरोबरच आहेत, पण सारखेपणा नुसत्या सुरांमुळे नाही असं मला वाटतं, तेच सूर ऑर्गनवर वाजवून पहा, अर्धी मजा जाते. मी सहा महिने झाले हा सोलो, म्हणजे एकट्या गिटारचा तुकडा, बसवते आहे, वेगाची जागा मेट्रोनोम लावून हळूहळू येते, त्याचं काही नाही. पण जिथं तो एकच सूर धरून तार वर ढकलतो आणि सूर सरकत सरकत जागेवर नेतो तिथं माझं बोट हरतं. ती मींड आहे हो, आपले गवई गळ्यातून घेतात तीच. माल्मस्टीनचं ऐकलं, हात भयंकर स्वच्छ, पण त्याच्यात मला ते रेंगाळणं सापडत नाही. रॉथ अमेरिकन गिटारवादक जिमी हेंड्रिक्सचा भक्त, त्यामुळे तार बोलती कशी करायची हे त्याला ठाऊक होतं. आणि सोलो गाण्याच्या मध्ये न ठेवता सुरुवातीलाच ठेवला हे मला आलापासारखं वाटतं, आधी सगळा मुलूख दाखवला आणि मग गायक क्लाउस मायने येऊन त्या काळ्या जादूगाराच्या अंधाऱ्या राज्याची गोष्ट सांगतो. तोही काय गातो! आवाज इतका वर नेऊनही ओरडत नाही.

वावरातला_रॉकर

सगळ्याईले हात जोडतो. मले वाटलं होतं कोणी उत्तरच देनार नाई. कॅसेटदादा, तुमच्या मायनं जे केलं थेच आमच्या घरीबी केलं होतं आज्याच्या टायमाले, वाचून गळा दाटला.

ऑर्गनवाल्या भाऊनं सांगतलेले सूर कागदावर लिवून काल गुरुवारच्या भजनात घेऊन गेलो. पेटीवाले काका सत्तरीचे, त्याईले बँड-बिंड काही सांगतलं नाई, नुसतं म्हंटलं काका हे सूर वाजवा. त्याईनं भाता ओढला, दोन डाव वर-खाली केलं, अन मंग डोये मिटून आपल्याच मनानं वाजवत राह्यले. खंजिरीवाल्यानं हळूच ठेका धरला. मंग मी मोबाईल पेटीवर ठेवला अन गाणं लावलं. काका पूर्ण आयकून म्हंटले, "हा मानूस कोणाचा शिकेल हाय रे?" मी म्हंटलं जर्मनीचा हाय काका, त्याईनं मान हालवली अन म्हंटले, "अजून एक डाव लाव, मले ते सरकवनं पाह्यचं हाय."

मोर्शीवाल्या ताई, थे सरकवनं म्हंजे तुम्ही म्हंता तीच मींड. सोलो बसला का इकडं टाका, मी काकाले आयकवतो. आज पुन्हा बाराची लाईन हाय, या रॉथच्या इलेक्ट्रिक सनमधलं पयलं काय आयकू, सांगा कोणी.