मदत हवी आहे: आईला अलास्काच्या हिमनद्या दाखवायच्या आहेत, पण तिला लहान बोटीची धास्ती आहे

नमस्कार.

मी सांगलीत राहते. माझी आई ७३ वर्षांची आहे. तासगाव तालुक्यातील जिल्हा परिषदेच्या शाळेत तिने २८ वर्षे भूगोल शिकवला. हिमनदीचा धडा आला, की ती खडू पाण्यात बुडवून फळ्यावर हिमनदी काढायची, कारण ओल्या खडूची रेघ वाळल्यावर अधिक पांढरी दिसते. हिमनदीचे मुख, तिने ढकलत आणलेले दगडगोटे, तिने कोरलेली यू आकाराची दरी, सगळे त्या एका चित्रात असायचे. प्रत्यक्षात मात्र तिने बर्फाची लादी पाहिली ती रसवंतीगृहात, गोणपाटात गुंडाळलेली. धाकटा भाऊ व्हँकुव्हरला असतो. येत्या जूनमध्ये आईला आणि मला अलास्काच्या क्रूझवर न्यायचे त्याने ठरवले आहे. अमेरिकेचा व्हिसा आणि जहाज परत येणार म्हणून कॅनडाचा बहुप्रवेशी व्हिसा, दोन्ही हाती आले आहेत.

अडचण वेगळीच आहे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली, तेव्हा आम्हाला पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून रबरी बोटीत उतरवण्यात आले. आईने देव्हाऱ्यातला बाळकृष्ण पदरात बांधून घेतला होता. तिच्यामागून शेजारच्या काकू उतरल्या तशी बोट एका बाजूला कलली, आणि आईने काठाची दोरी जी घट्ट धरली, ती कोरड्या रस्त्यावर पोचल्यावरही सोडेना. मला तिची बोटे एकेक करून सोडवावी लागली. तेव्हापासून ती रिक्षातून पूल ओलांडतानाही नदीकडे पाहत नाही. मोठ्या जहाजाची भीती वाटत नाही, असे ती स्वतः सांगते. लहान बोटीत बसायचे नाव काढले, की मात्र गप्प होते.

आमच्यासमोर दोन मार्ग आहेत. पहिला व्हँकुव्हरहून निघून व्हँकुव्हरलाच परतणारा, सात रात्रींचा. त्यात जुनो, स्कॅगवे, केचिकन ही तीन बंदरे आणि ग्लेशियर बे हे हिमनद्यांच्या उपसागराचे राष्ट्रीय उद्यान आहे. दुसरा तितक्याच रात्रींचा, पण एकेरी. तो उत्तरेला व्हिटियर बंदरापर्यंत जातो आणि तिथून अँकरेजमार्गे विमानाने परतायचे आहे. हिमनद्या अधिक दिसतील म्हणून भावाचा कल दुसऱ्याकडे आहे. माझे मत पहिल्याच्या बाजूने आहे. तो इनसाइड पॅसेज या किनारा आणि बेटांमधल्या जलमार्गाने जातो, तिथे बेटांचा आडोसा असल्यामुळे बहुतेक प्रवास संथ पाण्यातून होतो, तर एकेरी मार्गाला अलास्काचे आखात उघड्या समुद्रातून ओलांडावे लागते. आईला आंबा घाटातसुद्धा गाडी लागते. ज्यांनी हे आखात जूनमध्ये ओलांडले आहे, त्यांनी ती रात्र कशी गेली हे कृपया मोकळेपणाने लिहावे.

ग्लेशियर बेमध्ये जहाज धक्क्याला लागत नाही, प्रवासी डेकवरूनच सारे पाहतात आणि उद्यानाचे रेंजर जहाजावर येऊन माहिती देतात, असे मी वाचले आहे. मोठ्या क्रूझ जहाजांपैकी दिवसाला जास्तीत जास्त दोनच आत सोडली जातात. १७९४ मध्ये जॉर्ज व्हँकुव्हर यांच्या मोहिमेतील माणसे तिथे पोचली, तेव्हा आज जिथे उपसागर आहे तिथे जवळजवळ सगळा बर्फच होता; १९१६ पर्यंत तो सुमारे १०५ किलोमीटर मागे सरला. हे आईला वाचून दाखवले तेव्हा ती उठून बसली आणि म्हणाली, "म्हणजे दरी अजून ताजी आहे." मार्जरी हिमनदीच्या पुढ्यात जहाज थांबते, त्या वेळी गुडघेदुखीच्या माणसाला डेकवर बसून पाहता येते का, की गर्दीत उभेच राहावे लागते? जहाज जागच्या जागी वळवतात, त्यामुळे दोन्ही बाजूंच्या केबिनमधून दिसते, असे भाऊ म्हणतो. तसे असेल तर बाल्कनीच्या केबिनचे जादा पैसे भरायला मी तयार आहे, कारण तिथे ती शाल पांघरून, खुर्चीत बसून निवांत पाहू शकेल.

सर्वांत महत्त्वाचा प्रश्न असा: बंदरात धक्का रिकामा नसेल, तर जहाज नांगर टाकते आणि प्रवाशांना लहान बोटीने किनाऱ्यावर नेतात, असे कळले. वरच्या तीन बंदरांपैकी कुठे आपल्यावर अशी वेळ आली होती का, आणि हे जहाज आरक्षित करण्याआधी कळू शकते का? त्या दिवशी आईने जहाजावरच थांबायचे ठरवले, तर माझी हरकत नाही, मीही तिच्यासोबत थांबेन. परंतु आपत्कालीन कवायतीच्या वेळी प्रवाशांना जीवरक्षक नौकेत प्रत्यक्ष बसवतात, की नुसते ठरलेल्या जागी एकत्र जमवून सूचना देतात, हे मला आधी माहीत असायला हवे. तिला ते आदल्या दिवशी समजावून सांगता येईल. ऐन वेळी समोर आले, तर ती पुन्हा केबिनबाहेर पडणार नाही.

जेवणाचेही थोडे विचारते. आई शुद्ध शाकाहारी आहे आणि एकादशी करते. सूपमध्ये माशाचा अर्क नाही ना, याची खात्री स्वयंपाकघराकडून कशी करून घ्यावी, आणि बंद पाकिटातले राजगिऱ्याचे लाडू जहाजावर नेऊ देतात का? रक्तदाबाची जुनी तक्रार विम्यात धरली जाते का, हेही कोणी सांगितल्यास बरे होईल.

महिनाअखेरीस भावाला पैसे भरायचे आहेत. वयस्कर आईवडिलांना घेऊन जाऊन आलेल्यांनी दोन ओळी लिहिल्या, तरी त्या मी आईला वाचून दाखवीन.