पाणी आत ओढतं म्हणजे नेमकं काय होतं? (अनुभव धागा)

सहलींचा हंगाम सुरू झाला की कोल्हापूरच्या गाड्या आंबा घाटातून गणपतीपुळ्याला आणि गगनबावड्याकडून मालवण-देवगडला उतरतात. आपली पोरं विहिरीत नाहीतर पंचगंगेत पोहायला शिकलेली. समुद्राचं पाणी वेगळ्या रीतीने चालतं हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. म्हणून पोहणं शिकवणाऱ्या, जहाजावर नोकरी केलेल्या, या विषयाचा अभ्यास असलेल्या सगळ्यांना विनंती : नुसते किस्से नकोत. पाणी काय करतं, का करतं आणि अशा वेळी माणसाने काय करायचं, ते लिहा.

जलतरण प्रशिक्षक, शिवाजी पेठ

लाटांनी किनाऱ्यावर आणून टाकलेलं पाणी कुठून तरी परत जाणारच. पाण्याखालच्या वाळूच्या बांधाला जिथे खाच पडलेली असते, तिथून ते एकवटून समुद्राकडे पळतं. रिप करंट म्हणतात तो हाच. रुंदी बहुधा 10 ते 30 मीटर. वेग एरवी सेकंदाला अर्धा मीटर, पण लाटा मोठ्या असल्या की 2 मीटरच्या वरही जातो. आता हिशेब बघा. बेताचा पोहणारा मिनिटाला 50 मीटर कापतो. प्रवाह सेकंदाला 1 मीटरचा असेल तर तो मिनिटाला 60 मीटर मागे नेणार. जीव तोडून किनाऱ्याकडे हात मारले तरी माणूस दर मिनिटाला 10 मीटर आतच जातो. तो बुडतो दमल्यामुळे.

ओळखायचा कसा? दोन्ही बाजूंना लाटा फुटताहेत, पांढरा फेस आहे आणि मधला एक पट्टा गडद, गुळगुळीत. तिथे खोली जास्त म्हणून लाट फुटत नाही. नवखा माणूस नेमका तोच पट्टा शांत समजून निवडतो. उतरण्याआधी दहा मिनिटं उंचावरून बघा : फेस, काटक्या, गढूळ वाळू समुद्राकडे सरकत असेल तर ती जागा सोडा. खडकाच्या टोकाला लागून असा प्रवाह बऱ्याचदा कायमचाच असतो.

सापडलात तर आधी पाठीवर तरंगा, श्वास जागेवर आणा, एक हात वर करा. मग किनाऱ्याला समांतर, लाटा फुटताहेत त्या बाजूला पोहा. शेजारी खडक असेल तर त्याच्या उलट बाजूला. रुंदी 20-30 मीटरच असल्याने मिनिटभरात बाहेर येता येतं. त्यानंतर लाटांसोबत तिरकं किनाऱ्याकडे. दम नसेल तर नुसते तरंगत राहा. फुटणाऱ्या लाटांच्या पलीकडे प्रवाहाचा जोर ओसरतो.

पाटबंधारे कामाचा अनुभव, कसबा बावडा

सरांच्या मुद्द्याला जोडून. रिप करंट माणसाला समुद्राकडे नेतो, तळाशी दाबत नाही. खाली दाबणारं पाणी आपल्याकडे आहे, कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याच्या पायथ्याशी. वरून पडणारी धार तळाशी जाते आणि पृष्ठभागावरचं पाणी उलटं फिरून बंधाऱ्याकडेच येतं. त्या फेऱ्यात सापडलेला माणूस पुन्हा पुन्हा धारेखाली जातो, आणि पाण्यात हवा मिसळलेली असल्यामुळे तरंगणंही अवघड होतं. ओव्हरफ्लो झालेल्या बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला पट्टीच्या पोहणाऱ्यानेही उतरू नये. समुद्र आणि बंधारा, दोन्ही ठिकाणी ‘पाण्याने ओढलं’ असंच म्हणतात, पण सुटण्याची रीत एक नाही.

भौतिकशास्त्राच्या शिक्षिका, राजारामपुरी

कोकणातला जुना आडाखा कॅलेंडर बघून लावता येतो : तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहाला, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या सुमारास. तासभर इकडेतिकडे धरा. ओहोटी त्यानंतर सहा तासांनी. पौर्णिमेच्या सुट्टीत पहाटे निघालेली मंडळी जेवून दुपारी पाण्यात उतरतात, तेव्हा उधाणाचं पाणी जोरात उतरत असतं. ओहोटीला वाळूचे बांध वर येतात, पाणी मोजक्या खाचांतूनच जातं, म्हणून प्रवाह आणखी ताणला जातो. खाडीच्या तोंडाशी तर त्या वेळी मुळीच उतरू नका.

वारा नाही म्हणून समुद्र निवांत, असंही समजू नये. दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळांच्या लाटा हजारो किलोमीटर प्रवास करून आपल्या किनाऱ्याला लागतात. दोन लाटांमध्ये पंधरा-वीस सेकंदांचं अंतर असतं. दूर त्या दिसतही नाहीत, उथळ पाण्यात आल्या की अचानक उंचावतात. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था त्याचे इशारे देते, निघण्याआधी बघावेत.

निवृत्त डेक ऑफिसर, ताराबाई पार्क

मॅडमनी खाडीच्या तोंडाचं लिहिलं. तिथे उतरणारं पाणी येणाऱ्या लाटांना समोरून भिडतं, तेच गणित मोठ्या जहाजांनाही लागू आहे. लाट समोरून येणाऱ्या प्रवाहावर चढली की तिची लांबी आखडते, उंची वाढते. दक्षिण आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यालगत अगुल्हास प्रवाह नैर्ऋत्येला वाहतो आणि वादळी लाटा नैर्ऋत्येकडूनच येतात. तिथली राक्षसी लाट म्हणजे समोर उभी भिंत आणि तिच्या पुढे खोल खड्डा; जहाजाची नाळ, म्हणजे पुढचं टोक, आधी खड्ड्यात उतरते आणि वर यायच्या आत लाट अंगावर कोसळते. अशा लाटा ही खलाशांची अतिशयोक्ती मानली जायची. 1 जानेवारी 1995 रोजी उत्तर समुद्रातल्या ड्राउपनर प्लॅटफॉर्मवरच्या यंत्राने 25.6 मीटरची लाट मोजली, तेव्हा आजूबाजूच्या मोठ्या लाटा सरासरी 12 मीटरच्या आसपास होत्या. वादळ नैर्ऋत्येचं असेल तर तिथे प्रवाहाचा फायदा सोडून किनाऱ्याकडच्या उथळ पट्ट्यात सरकायचं, वेग उतरवायचा, नाळेकडच्या सगळ्या झडपा घट्ट बंद.

उथळ पाण्यातला धोका याहून नित्याचा. जहाज वेगाने गेलं की खालचं पाणी अरुंद जागेतून पळतं, दाब घटतो, जहाज बसतं. स्क्वॉट म्हणतात. किती मीटर बसेल त्याचं ढोबळ सूत्र : ब्लॉक कोइफिशंट (पाण्याखालचा भाग चौकोनी खोक्याच्या किती जवळ आहे ते सांगणारा आकडा) गुणिले नॉटमधल्या (तासाला सागरी मैल) वेगाचा वर्ग, भागिले 100. कोइफिशंट 0.8 आणि वेग 12 नॉट असेल तर जवळपास 1.15 मीटर, अरुंद कालव्यात त्याच्या दुप्पट. वेग 6 नॉट केला की 30 सेंटिमीटरच्या आत. ऑगस्ट 1992 मध्ये क्वीन एलिझाबेथ 2 हे प्रवासी जहाज अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्सजवळ खडकाला घासलं, त्यात नकाशातली चुकीची खोली होती आणि स्क्वॉटचा कमी धरलेला अंदाजही होता.

मृत पाणी हा प्रकार वेगळाच. 1893 मध्ये नॉर्वेचा ध्रुवीय संशोधक नान्सेन याचं फ्राम जहाज आर्क्टिकमध्ये इंजिन पूर्ण जोरात असूनही एक-दीड नॉटवर आलं. वर बर्फाचं गोडं पाणी, खाली खारं. जहाजाची ताकद दोन्हींच्या मधल्या, वरून न दिसणाऱ्या लाटा उठवण्यात जात होती. स्वीडनचा सागरशास्त्रज्ञ एकमन याने 1904 मध्ये याचा उलगडा केला.

सहलींचं नियोजन करणारे, गंगावेश

डॉल्फिन दिसला की बोटीतली सगळी माणसं एका बाजूला धावतात. छोटी बोट तेवढ्याने कलंडते. 17 जुलै 1947 रोजी रेवसला निघालेली रामदास बोट मोठ्या लाटेने कलली आणि घाबरलेले प्रवासी एका बाजूला गेले. सहाशेहून जास्त माणसं गेली. बसल्या जागेवरून बघायचं. लाइफ जॅकेटचे सगळे पट्टे आवळायचे, पायांमधलासुद्धा. तो सुटा असेल तर पाण्यात जॅकेट डोक्यावरून निघतं.

अतिदक्षता विभागातील परिचारिका, शाहूपुरी

वाचवायला मोकळ्या हातांनी उडी मारू नका. झाकण लावलेला पाच लिटरचा रिकामा कॅन दोरीला बांधून फेका. बाहेर काढल्यावर पोट दाबणं, उलटं धरून फिरवणं बंद करा. त्यात वेळ जातो आणि पोटातलं फुप्फुसात उतरतं. श्वास नसेल तर आधी तोंडाने पाच श्वास, कारण बुडालेल्याचं हृदय ऑक्सिजनअभावी थांबतं. मग छातीच्या मध्यावर 30 दाब, 2 श्वास, याच क्रमाने. दाब 5-6 सेंटिमीटर खोल, मिनिटाला 100 ते 120. दुसऱ्याने 108 लावायचा. शुद्धीवर आला, बोलायला लागला तरी त्याला दवाखान्यात न्या. फुप्फुसात पाणी गेलेल्याला काही तासांनी दम लागू शकतो, आणि घाटातल्या परतीच्या गाडीत तेव्हा काहीच करता येत नाही.