गरिबी, निरक्षरता, बेरोजगारी: सुरुवात नेमकी कुठून करायची? (ऊसतोडीच्या गावातून प्रश्न)

खडू_फळा
नमस्कार मंडळी. बीड जिल्ह्यात डोंगरपट्ट्यातल्या एका झेडपी शाळेवर शिक्षक आहे. दहावीच्या निबंधात आपण सगळ्यांनी "कारणे व उपाय" लिहिलंय, शिक्षण वाढवा, उद्योग आणा, लोकसंख्या आवरा वगैरे, मार्कही मिळाले. पण इथं बघतोय तर तिन्ही गोष्टी एकाच घरात, एकाच चुलीवर आहेत आणि कुठलं आधी धरायचं तेच कळत नाही. दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, ट्रॅक्टरवर भांडी, शेळी, कोंबड्या आणि वर लेकरं. पटावर नावं असतात, वर्गात निम्मी बाकं रिकामी. चौथीतली एक हुशार पोरगी, पाढे घडाघडा म्हणायची, धाकट्या भावाला कोपीवर (फडाजवळच्या झोपडीवर) सांभाळायला कोणी नाही म्हणून नेली. चैत्रात परत आली तर हातच्याची वजाबाकी विसरलेली, आणि वर लाजून मागच्या बाकावर जाऊन बसली. जनगणनेत २०११ ला जिल्ह्याची साक्षरता ७७ टक्क्यांच्या आसपास होती, राज्याची ८२. पण सही येते तो साक्षर आणि मुकादमाची (मजुरांची टोळी नेणाऱ्याची) हिशोबाची वही वाचता येते तो साक्षर यात लई फरक आहे.
तर प्रश्न सरळ आहे. तुमच्या मते आधी काय, शाळा का काम का पैसा? भाषण नको, अनुभव असेल तर सांगा.

गप्पिष्ट_ठाणेकर
सर राग मानू नका पण मूळ कारण मानसिकता आहे. रेशन फुकट, आता लाडक्या बहिणींना महिन्याला १५००, मग कष्ट कोण करणार? आणि चार चार मुलं कशाला पाहिजेत? चीनने बघा काय केलं. शिक्षण आलं की सगळं आपोआप येतं.

चाकणचा_पाव्हणा
@गप्पिष्ट_ठाणेकर कष्ट कोण करणार म्हणता, दादा एकदा पहाटे चारला फडात या. थंडीत दवानं भिजलेला ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचं, आणि ट्रक रात्री अकराला आला तर रात्री अकराला भरायचा. माझे आईबाप वीस बावीस वर्षं गेले, मी स्वतः कोपीत वाढलोय, आता कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर आहे, ते जाऊ द्या.

सर, तुमचं उत्तर उचलीत आहे, म्हंजे मुकादम आगाऊ देतो त्या पैशात. बाहेरच्यांना माहीत नसतं म्हणून हिशोब मांडतो. नवराबायको मिळून एक कोयता. पावसाळ्यात घरात पैसा नसतो, लग्न निघतं, दवाखाना निघतो, तेव्हा मुकादम एक लाख हातावर ठेवतो. कागद नाही, जामीन नाही, फक्त शब्द, आणि अंगठा. आता तोडणीचा दर बघा, जानेवारी २०२४ ला ३४ टक्के वाढवून टनाला ३६६ झाला. एक कोयता दिवसाला दोन टन तोडतो असं धरा, चांगला तोडणारा धरला हां, तर ७३२ रुपये दोघांचे. कारखाना बंद, पाऊस, गाडी आली नाही, कुणी आजारी पडलं, सगळं वजा जाता १२० दिवस भरले तर ८७,८४०. म्हंजे पट्टा पडला (हंगाम संपला) तरी बारा हजार अंगावरच, त्यात मधी खायला घेतलेला खर्च वेगळा, खाड्याचा दंड वेगळा. हे बारा हजार पुढच्या वर्षीच्या उचलीत जमा. झालं, पुढच्या दिवाळीला परत जाणं आलं, तुमची इच्छा असो नसो. वाढे (उसाचे हिरवे शेंडे) विकून चार पैसे सुटतात तेवढेच मोकळे.

आणि वही मुकादमाची. माझ्या बापाला वाचता येत नव्हतं, आईला तर नाहीच. एका वर्षी मी सातवीत असताना वही मागितली तर मुकादम हसला, म्हणला पोरगं शिकलं वाटतं. पण दाखवली नाही. म्हणून माझं मत, निरक्षरतेमुळं गरिबी आहे हे अर्धं खरं, उचल आहे म्हणून पोरगं निरक्षर राहतं हे जास्त खरं.

कृष्णाकाठ
मी दुसऱ्या टोकाचा माणूस, सांगलीकडचा ऊस उत्पादक. आमच्या फडात दरवर्षी बीड, जालना, जतकडच्या टोळ्या येतात. चाकणच्या भावानं लिहिलं ते खरंय, पण आमची बाजू पण ऐका. तोड मिळावी म्हणून आम्हाला खुशाली (वरचे पैसे) द्यावी लागते, ड्रायव्हरला एंट्रीचे पैसे वेगळे, नाही दिली तर ऊस वाळत उभा. आमच्या गल्लीतल्या एकानं ट्रॅक्टर घेतला, मुकादमाला लाखांनी उचल दिली आणि मुकादम टोळीसकट गायब, आता बँकेचे हप्ते हा भरतोय. म्हणजे मजूर पिळला जातो, वाहतूकदार बुडतो, शेतकरी ओरडतो आणि प्रत्येकाला वाटतं दुसराच खातोय.

शाळेचं म्हणाल तर कोप्या गावापासून दोन तीन किलोमीटरवर, रानात. टोळी पंधरा दिवसांनी दुसऱ्या गावात. आमच्या गावच्या शाळेत मधेच पाच सहा लेकरं येऊन बसतात, गुरुजी नाव लिहून घेतात, बाकावर जागाही देतात, पण त्यांचं बोलणं आमच्या पोरांना हसू येतं आणि आठवड्यानं ती लेकरं येत नाहीत. ऊसतोड्यांच्या लेकरांसाठी साखरशाळा पूर्वी होत्या, आता क्वचित दिसतात. आणि हो, हार्वेस्टर येतोय सगळीकडं. मजूर मिळत नाही म्हणून आम्हीच मागतोय. मग या लोकांनी पुढं करायचं काय, याचा विचार कोणी केलाय का माहीत नाही.

तलाठी_होणारच
शिक्षण आलं की सगळं येतं म्हणणाऱ्यांना दंडवत. बीएस्सी आहे, बीएड आहे, पुण्यात पेठेतल्या अभ्यासिकेत बसतो, मेसचा डबा दोघांत एक. २०२३ च्या तलाठी भरतीला साडेचार हजारांच्या आसपास जागा होत्या आणि अर्ज दहा लाखांवर. फी खुल्या गटाला १०००, मागासवर्गीयांना ९००. आईनं ती फी कुठून आणली ते विचारू नका, वरचा हिशोब वाचला की कळेल. गावी परत जावं तर लोक विचारतात काय झालं तुझ्या साहेबपणाचं, आणि कोयता हातात धरायची आता सवयही नाही, लाजही वाटते, दोन्ही खरंय. एवढंच म्हणायचं होतं की शाळा पुरी केली तरी गाठ सुटत नाही, फक्त पुढं सरकते.

गप्पिष्ट_ठाणेकर
ओके, उचलीचं मला माहीत नव्हतं. पण मग हिवरेबाजारचं काय? तिथंही दुष्काळच होता ना, पोपटराव पवार १९८९ ला सरपंच झाले आणि गाव बदललं, बाहेर गेलेले लोक परत आले. सरकारकडे बघत बसण्यापेक्षा गावानं ठरवलं तर होतं.

रोहयोवाली_ताई
ठरवलं तर होतं, मान्य. पण हिवरेबाजारमध्ये नुसतं ठरवलं नाही हो, पाणी अडवायची बरीचशी कामं रोजगार हमीचा आणि सरकारी योजनांचा पैसा वापरूनच झाली, आणि शेतीसाठी बोअर घ्यायला बंदी केली, उसासारखं पाणी पिणारं पीक टाळलं. हे दुसरं वाक्य बोलायची हिंमत किती गावपुढाऱ्यांत आहे?

मी पंधरा वर्षं रोहयोच्या (रोजगार हमी योजनेच्या) कामात आहे, आमच्याकडचा तालुका सांगत नाही. १९७२ च्या दुष्काळात विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांची ही योजना सगळ्या राज्यात पोचली, १९७७ ला कायदा झाला, शहरातल्या पगारदारांच्या व्यवसाय करातून पैसा उभा केला. नंतर २००५ ला देशाचा कायदा आला तो याच पायावर. म्हणजे बेरोजगारीवरचा उपाय आपल्याच घरात जन्मला. मग उसाला का जातात? दोन कारणं, मला जी दिसतात.

एक, वेळ. आमच्याकडं कामं निघतात उन्हाळ्यात, जेव्हा टोळ्या नुकत्या परत आलेल्या असतात. काम पाहिजे ऑक्टोबरात. ऑक्टोबरात ग्रामपंचायतीत विचारलं तर "शेल्फवर काम नाही" (मंजूर कामांच्या यादीत काही नाही) किंवा "ऑपरेटर सुट्टीवर". दोन, पैसा येतो कसा. २०२४-२५ ला रोजाचा दर होता २९७, तोही खात्यावर कधी पडेल ते देव जाणे. नवराबायको दोघं गेले तर ५९४, ऊसतोडीच्या फार खाली नाही, घर सुटत नाही, लेकरू शाळेत राहतं. पण मुलीच्या लग्नाला लाख रुपये आज पाहिजेत, ते रोहयो देत नाही. ते मुकादमच देतो. म्हणून मी म्हणते, लढाई मुकादमाच्या उचलीशी आहे. बचत गटाचं बँक कर्ज पावसाळ्यात, उचलीच्या आधी हातात पडलं तर काही बाया थांबतात, मी थांबलेल्या बघितल्यात. पण अर्ध्या बाया सहा महिने गावात नसतात, बैठका होत नाहीत, गटाची प्रत घसरते आणि बँक म्हणते नियमितता नाही. त्यांना गावात ठेवायला कर्ज पाहिजे आणि गावात नाहीत म्हणून कर्ज नाही, काय बोलायचं.

बायांचं अजून एक, कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. पाळीत, आजारपणात खाडा परवडत नाही म्हणून गर्भपिशवी काढून टाकायची, हे बीडमध्ये एवढं वाढलं की २०१९ ला सरकारला नीलम गोऱ्हेंच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. गरिबी मोजताना हे कुठल्या रकान्यात धरतात?

खडू_फळा
सगळ्यांचे आभार, एवढं येईल वाटलं नव्हतं. आमच्याकडं हंगामी वसतिगृह आहे, म्हणजे आजीआजोबांकडं लेकरं थांबतात आणि दोन वेळचं जेवण शाळेतून. आजी असली की लेकरू थांबतं, हे पक्कं. पण मंजुरी येईपर्यंत टोळी गेलेली असते, आणि अनुदान येईपर्यंत किराणा दुकानदाराकडं उधारी माझ्या नावावर. गेल्या हंगामातली अजून आहे. @तलाठी_होणारच, गावी याल तेव्हा शाळेवर या, संध्याकाळी चौथी पाचवीचं गणित घ्यायला माणूस पाहिजे, मानधन मी जमेल तसं देईन, फार नाही.
ताई, ऑक्टोबरच्या ग्रामसभेत कामाची मागणी लावायची म्हणतोय. ग्रामसेवक तोंडी "बघू" म्हणतात. काय द्यायचं त्यांना?

रोहयोवाली_ताई
तोंडी काही नाही. नमुना ४ भरून प्रत्येकाची मागणी, आणि तारखेसह पोचपावती घेतल्याशिवाय हलायचं नाही. पावतीच्या तारखेपासून १५ दिवसांत काम नाही तर बेकारी भत्ता मागता येतो, म्हणून पावती द्यायला टाळतात. सप्टेंबरातच द्या, ऑक्टोबरात उशीर होतो, उचल तोवर वाटून झालेली असते. आणि एकट्यानं नाही, पंचवीस तीस जण घेऊन जा.

चाकणचा_पाव्हणा
त्या पंचवीसमध्ये मुकादमाची बायको पण घ्या सर. चेष्टा नाय, आमच्याकडचा मुकादम स्वतः उचलीत बुडालेला आहे, त्यालाही कंटाळा आलाय.