महिन्याची कारविक्री: आकडा नेमका कशाचा?

प्रश्न (दांडिया बाजार, बडोदे): दर महिन्याच्या २ तारखेला बाबा पेपरातले मारुती, ह्युंदाई, टाटा, महिंद्राचे आकडे वहीत उतरवतात. विक्री वाढली म्हणे! मग आमच्या जवळच्या शोरूममागे इतक्या नव्या गाड्या का पडून आहेत? एकीच्या वायपरखाली कबुतराने काड्या जमवल्यात.

उत्तर: अहो, तो आकडा कंपनीने डीलरला धाडलेल्या गाड्यांचा. गिऱ्हाइकाने किती नेल्या, ते सरकारच्या 'वाहन' पोर्टलवरच्या गाड्यांच्या नोंदणीत दिसतं. डीलरांची संघटना फाडा तेच आकडे देते. सणाआधी डीलरकडे माल भरतात, तेव्हा दोन्हींत मोठी तफावत पडते.

उत्तर: आणि मॉडेल व कंपनी वेगळी धरा. २०२४ मध्ये टाटा पंच पहिली, पण कंपनी म्हणून मारुतीच पुढे.

प्रश्नकर्ता: आभार! बाबांनी लगेच पट्टीने दुसरा रकाना आखला.