मदत हवी आहे: चेन सॉचा बार लाकडात अडकतो, शिवाय एक कललेलं झाड पाडायचंय

मंडळी, वादळात एक मोठं झाड आडवं झालंय. पेट्रोलवर चालणारी चेन सॉ आहे. फांद्या छाटून झाल्या, पण खोडाचे तुकडे करताना निम्मं चिरलं की बार, म्हणजे साखळी ज्याच्याभोवती फिरते ते लांब पातं, गच्च अडकतो. मग इंजिन बंद करायचं आणि पहारीने खोड उचलायचं. साखळीला धार आहे, ताणही ठीक आहे. काय करावं?
दुसरं, शेजारचं एक झाड चांगलंच कललंय, बुंधा दीडेक फूट जाडीचा. तेही पाडायचंय. हेल्मेट, जाळी, कानावर मफ, सॉची खास पँट सगळं आहे, त्यामुळे त्यावर प्रवचन नको. :)

रानवेडा:
साखळीचा दोष नाही. खोड दोन्ही टोकांना टेकलंय आणि मधे अधांतरी आहे का? मग वरची बाजू दाबली जाते, खालची ताणली जाते. वरून चिरत गेलात की फट मिटते आणि बार चिमटतो. दाबाच्या बाजूने आधी साधारण तिसरा हिस्सा चिरा, बाकीचं ताणाच्या बाजूने. एकच टोक टेकलेलं असेल तर उलट, ताण वर असतो. खालून चिरताना बारची वरची कड लागते, तेव्हा सॉ तुमच्याकडे ढकलली जाते. हात पक्के ठेवा. फट उघडायला लागली की प्लास्टिकची पाचर ठोका. लोखंडी नको, साखळीचे दात जातील.

करवत्या:
यात एक जोडतो. बारच्या टोकाचा वरचा भाग कशालाही टेकू देऊ नका. टेकला की सॉ क्षणात वर, तोंडाकडे उसळते. खोडामागे दडलेली फांदीही पुरते. डावा अंगठा पुढच्या दांड्याखालून घट्ट वळवलेला हवा. बोटांसोबत वर ठेवणारे मी खूप पाहिलेत. आणि खांद्याच्या वर सॉ नेऊ नका.

रानवेडा:
कललेल्या झाडाबद्दल स्पष्ट सांगतो, शिकत असाल तर हात लावू नका. एरवी पडायच्या बाजूला व्यासाच्या पाचव्या ते चौथ्या हिश्श्याएवढी खाच, मग मागून काप, आणि मधे व्यासाच्या दहाव्या हिश्श्याएवढी पट्टी न कापता सोडायची. तुमच्या झाडाला ती साडेचार सेंटिमीटर होईल. तीच बिजागरी, झाड तिच्यावर वळून पडतं. पण कललेल्या झाडाला आधीच इतका ताण असतो की मागचा काप अर्धा होतो न होतो तोच खोड उभं फाटतं आणि फाटलेला मागचा भाग वर उसळतो. माणूस तिथेच उभा असतो.

धागाकर्ता:
दाबाच्या बाजूने आधी चिरलं, पहिलाच तुकडा सुटला. आभार! कललेल्याला माणूस बोलावतो. त्याला काय विचारू?

करवत्या:
मागून सरळ कापणार, की बिजागरीमागे खोडात आरपार बार घालून, पार मागे राखलेली पट्टी शेवटी तोडणार, एवढंच विचारा. आरपार बार घालणार म्हणाला तर कामाचा आहे. पळायची वाट मागे तिरकी, दोन्ही बाजूंना मोकळी करून ठेवा. बाकी सगळ्यांनी झाडाच्या उंचीच्या दुप्पट अंतरावर थांबायचं, तुम्हीसुद्धा.