रॉबर्ट द स्ट्राँगचा बाप नक्की कोण?

ह्यू कापे ९८७ मध्ये फ्रान्सचा राजा झाला. त्याची वंशावळ मी कार्डशीटवर काढतोय. ह्यू, त्याच्यावर थोरला ह्यू, मग राजा रॉबर्ट पहिला, मग रॉबर्ट द स्ट्राँग. इथवर पेनाने लिहिलं. त्याच्या वरच्या चौकोनात मात्र तीनदा पेन्सिल आणि तीनदा खोडरबर झालाय, कागद फाटायला आला! ऱ्हाइनकाठच्या वोर्म्सचा काउंट रॉबर्ट हाच बाप, हे धरून चालू का?

उत्तर : पेन्सिलच राहू द्या. ८५२ मध्ये रॉबर्ट द स्ट्राँग हा फ्रान्समधल्या मार्मूतिए मठाचा प्रमुख म्हणून दिसतो, तेव्हा बापाचं नाव कुठेच नाही. आडनावं तर नव्हतीच.

उत्तर : वोर्म्सची जोडणी इतिहासकार कार्ल ग्लोकनरने १९३६ मध्ये मांडली. आधार म्हणजे लोर्श मठाची दानपत्रं आणि घराण्यात फिरणारं रॉबर्ट हे नाव. आपल्याकडे आजोबाचं नाव नातवाला ठेवतात, तसंच. पण एका गावात चार गणपत असतात हो!

प्रश्नकर्ता : आणि जुना इतिहासलेखक रिशेर याने बाप म्हणून लिहिलेला विटिकिन?

उत्तर : रिशेर रॉबर्टनंतर शतकभराने झालेला. तो विटिकिनला परका जर्मन म्हणतो. नावावर भरवसा नको, पण पूर्वेकडून आल्याची आठवण खरी असावी.

प्रश्नकर्ता : बरं, तुटक रेघ मारतो. रॉबर्टचं मरण मात्र पेनाने लिहिलंय. ८६६, ब्रिसार्तची लढाई. उकाड्याने चिलखत काढून बसला होता, तसाच व्हायकिंगांवर धावला.