फोंतने की क्लूनी? मी तरी बर्नार्डच्या बाजूने

दगडवेडा:
गेल्या महिन्यात फ्रान्समध्ये बर्गंडीत होतो, आधी क्लूनी बघितलं, मग फोंतने, आणि तेव्हापासून डोक्यात एकच विषय घोळतोय म्हणून हा धागा काढला. दोन्ही मध्ययुगातले ख्रिश्चन मठ, दोघांचाही आधार संत बेनेडिक्टने सहाव्या शतकात मंकांसाठी (मठवासी संन्याशांसाठी) घालून दिलेल्या नियमांचा, पण बांधकामात जमीन-अस्मानाचा फरक.

क्लूनीची स्थापना ९१० ची. १०८८ ला त्यांनी आपलं तिसरं चर्च बांधायला घेतलं, लांबी जवळपास १८७ मीटर, रोमचं आत्ताचं सेंट पीटर्स उभं राहीपर्यंत युरोपात एवढं मोठं चर्च नव्हतं. हा सगळा थाट ज्यांना पटला नाही ते सिस्टर्शियन पंथाचे मंक, १०९८ ला बर्गंडीतच सीतो नावाच्या जागी ओसाड रानात त्यांनी वेगळी चूल मांडली. त्यांच्यातला बर्नार्ड, ज्याने १११८ ला फोंतने वसवलं, त्याने ११२५ च्या सुमारास थेट लिहून टाकलं की भिंती सोन्याने मढवता आणि दारातला गरीब उघडा ठेवता, आणि मठाच्या ओवरीत ही माकडं-सिंह-अर्धे घोडे कोरलेत ते कशाला, मंकने प्रार्थना करायची का चित्रं बघत बसायचं?

फोंतनेच्या चर्चमध्ये गेलो तर पायाखाली आज नुसती चोपलेली माती, जुन्या चकचकीत फरशा वेदीपाशी थोड्या उरल्यात. रंगीत काच नाही, ती वापरायची नाही असा नियमच होता. मधल्या भागाला वर एकही खिडकी नाही, उजेड येतो तो दोन टोकांच्या भिंतींतून आणि बाजूच्या पडव्यांतून, म्हणजे मध्ये तुम्ही अंधारात आणि दोन्हीकडे उजेड. कोणीतरी खोकलं तर तो आवाज कमानीखाली कितीतरी वेळ फिरत राहिला. तिथे गाणं म्हटलं तर काय होत असेल! मला वाटतं बर्नार्ड शंभर टक्के बरोबर होता, देवाचं घर असंच हवं.

वसईची_पोर:
अजिबात पटलं नाही. तुलनाच चुकीची आहे. क्लूनी तुम्ही बघितलंच नाही, कारण ते बघायला शिल्लकच नाहीये! फ्रेंच क्रांतीनंतर १७९८ मध्ये ते विकलं आणि लोकांनी दगड काढून काढून विकले, क्रॉसच्या आकाराच्या त्या चर्चच्या आडव्या भागाची एक बाजू आणि तिच्यावरचा अष्टकोनी मनोरा, मुख्यतः एवढंच आज उभं आहे. आणि फोंतने टिकलं ते कागदाची गिरणी झाली म्हणून.

आणि कोरीव कामाला नावं ठेवताना जे उरलंय ते नीट बघितलंत का? मुख्य वेदीभोवतीच्या खांबांचे माथे आता तिथल्या जुन्या धान्याच्या कोठारात ठेवलेत, त्यातल्या दोनांवर चर्चच्या गाण्याचे आठ 'टोन' (चालींचे प्रकार) कोरलेत, एकेका टोनला एकेक आकृती. क्लूनीच्या मंकांचा दिवसाचा केवढा तरी वेळ गाण्यातच जायचा. म्हणजे जे ते रोज गात होते तेच त्यांनी दगडात उतरवलं, ह्यात लक्ष विचलित व्हायचा प्रश्न येतो कुठे?

गरिबांचं म्हणाल तर मेलेल्या मंकांच्या नावाने गरिबांना जेवण देणं हा क्लूनीचा नेम होता. २ नोव्हेंबरला सगळ्या मृतांसाठी प्रार्थना करायची पद्धत क्लूनीचाच मठाधिपती ओदिलो ह्याने सुरू केली. आमच्या वसईत त्या दिवशी कबरीवर फुलं नि मेणबत्त्या घेऊन जातो ना, आजीच्या कबरीवर मी दरवर्षी जाते, ते तिथून आलंय.

दगडवेडा:
२ नोव्हेंबरचं खरंच माहीत नव्हतं, थँक्स. पण पैशाचं काय? क्लूनीचं ते चर्च उभं राहिलं त्यात स्पेनमधल्या लेओन-कास्तीलचा राजा सहावा अल्फोन्सो ह्याचं सोनं होतं, आणि ते त्याला मुस्लिम राज्यांकडून मिळणाऱ्या खंडणीतून येत होतं. असल्या पैशावर बांधलेल्या चर्चमध्ये साधेपणाचं व्रत कसं पाळणार?

वसईची_पोर:
मग फोंतनेचं चर्च कोणाच्या पैशातून झालं? इंग्लंडमधल्या नॉर्विचचा बिशप एव्हरार्ड तिथे येऊन राहिला, त्याच्या संपत्तीतून! त्याला पुरलंयही तिथेच. राजाचं सोनं वाईट आणि बिशपचं चांगलं, असं नाही चालणार.

लीड्समधून:
तुम्ही दोघं भिंतींवरून भांडताय, मला त्या भिंती उभारणाऱ्यांचं पडलंय. माझ्या घराजवळ यॉर्कशरमध्ये फाऊंटन्स अॅबी आहे, सिस्टर्शियनच, ११३२ ची, मी महिन्यातून एकदा तरी जाते. तिथली सगळ्यात जबरदस्त जागा चर्च नाहीच, पश्चिमेची इमारत आहे, सुमारे ९० मीटर लांब, खाली कमानींची रांगच रांग, शेवट दिसत नाही. ती लेब्रदर लोकांची, म्हणजे मठात राहून अंगमेहनतीची कामं करणाऱ्या बंधूंची. हे दाढीवाले, मेंढ्या राखणारे, नांगर धरणारे, गवंडीकाम करणारे. त्यांनाही व्रत होतं, पण पुस्तक हातात घ्यायची परवानगी नाही, ठरावीक दोन-चार प्रार्थना पाठ करायच्या बस, चर्चमध्येही ते मागच्या भागात वेगळे. बर्नार्डचा साधेपणा ह्यांच्या पाठीवर उभा होता.

आणि "ओसाड रान" सगळीकडे ओसाड नव्हतं हो. यॉर्कशरमध्ये कितीतरी वस्त्या उठवून तिथे मठाची शेती केली. वॉल्टर मॅप नावाचा इंग्लंडचा राजा दुसरा हेन्री ह्याच्या दरबारातला माणूस तेव्हाच लिहून गेलाय की हे ओसाड जागा शोधतात, नाही मिळाली तर करतात. तो त्यांच्यावर खार खाऊन होता हे मान्य, पण गावं उठली हे खरंच आहे.

निशिगंध:
लीड्समधून, लेब्रदरांबद्दल तुमचं दुःख समजतं, पण एक बाजू राहतेय. तेव्हाच्या कुळाच्या मुलाला पोटभर जेवण, डोक्यावर छप्पर, म्हातारपणी सांभाळणारं कोणीतरी आणि वर मोक्षाची आशा, हे बाहेर कुठे मिळत होतं? लोक आपल्या पायांनी येत होते, म्हणून तर तुमची ती ९० मीटरची इमारत लागली.

दुसरं, मी आर्किटेक्ट आहे, साधं बांधणं स्वस्त असतं हा गैरसमज कृपया काढून टाका. नक्षी असली की सांधा झाकता येतो, कोऱ्या दगडात एक सुताचा फरकही उघडा पडतो. आणि प्लॅन बघा ना. झोपायची जागा वरच्या मजल्यावर, तिथून जिना थेट चर्चमध्ये उतरतो, कारण मध्यरात्रीनंतर कडाक्याच्या थंडीत उठून प्रार्थनेला जायचं. शेकोटीची खोली साधारण एकच. हात धुवायचं कुंड जेवणघराच्या दारासमोर. फोंतनेला ओढ्याचं पाणी वळवून ५३ मीटर लांबीची लोहारशाळा चालवली, चाकावर हातोडा. प्रत्येक भिंत दिवसाच्या वेळापत्रकातून आलीय. मला ह्यापेक्षा प्रामाणिक इमारत माहीत नाही.

लीड्समधून:
मोक्षाची आशा द्या ना, पण मग पुस्तकही द्या. पायांनी आला म्हणून त्याला अक्षर शिकू न देणं बरोबर ठरत नाही. आणि तो रात्रीचा जिना लेब्रदरांच्याही इमारतीला होता, उतरायचा मात्र चर्चच्या मागच्या अर्ध्यात.

दगडवेडा:
हे वाचून परत फोटो काढून बसलो. फोंतनेला मी उभा होतो ती जागा दाराजवळची, म्हणजे पश्चिमेचीच, लेब्रदरांची. अंधार मला तिथेच जास्त वाटला होता, वेदीचा उजेड लांब होता. मी अजून बर्नार्डच्याच बाजूने आहे, पण पुढच्या वेळी गेलो तर आधी तिथेच थोडा वेळ बसेन, मग पुढे जाईन.